सरांनी पाणी बंद करायला सांगितलं नव्हतं

हे लिहायचं मी सहा वर्षं टाळलं. आधी प्रकृतीचं कारण होतं, मग डोळ्याच्या ऑपरेशनचं, मग नातीच्या लग्नाचं. कारणं संपली तेव्हा स्वतःला समजावू लागलो, की जुनं उकरून आजवर कोणाचं भलं झालंय. मागच्या महिन्यात सर धारला वारले. इथे देवासला त्यांची लहानशी शोकसभा झाली, पंधरा-वीस माणसांची. एक गृहस्थ बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "माणूस शिस्तीचा. पण त्या शिस्तीपायी एकाचा जीव जायची वेळ आली होती." मग त्यांचं पुढच्या रांगेकडे लक्ष गेलं, ते ओशाळले आणि म्हणाले, "देवाची कृपा, ते आज आपल्यात बसलेले आहेत."

सगळ्यांनी माझ्याकडे कळवळ्याने पाहिलं. मी चपलांकडे पाहिलं.

सरांमुळे माझा जीव जायची वेळ आलेली नव्हती. ती मी स्वतः आणली होती, आणि ते सांगण्याची संधी मला एकदा नव्हे, अनेकदा मिळाली होती. आता माझं वय एक्क्याऐंशी आहे. अक्षर वाईट येईल, पण मजकूर खरा आहे.

सर कुस्तीचे कोच होते. तीस वर्षं सरकारी नोकरीत पोरं तयार केली, त्यातली काही राष्ट्रीय स्पर्धांपर्यंत नेली. रिटायर झाल्यावर मीठा तालाबच्या काठावर त्यांनी सकाळची एक बॅच सुरू केली. बॅच आमच्यासारख्यांची: साखर, बीपी, गुडघे आणि पोट. फी नव्हती. पण पहिल्या दिवशी ते प्रत्येकाशी हात मिळवायचे आणि म्हणायचे, "आजसे आप खिलाडी. पेशंट घरी ठेवून यायचं."

हे ते विनोदाने म्हणत नव्हते, आणि इथेच लोकांची फसगत व्हायची. नॅशनलला जाणाऱ्या पोराला जसं वागवायचं तसंच ते आम्हाला वागवायचे. प्रत्येकाला एक डायरी. त्यात झोप किती, चाललो किती, काय खाल्लं आणि कोणत्या वेळी मन डळमळलं, हे लिहायचं. वजन फक्त गुरुवारी. त्यासाठी ते आखाड्यातला जुना काटा खांद्यावरच्या पिशवीतून आणायचे, आणि गुरुवारी अंगात निळा ब्लेझर असायचा. मे महिन्यातही. कोणी विचारलं तर म्हणायचे, "वजन हा खेळाडूचा मुकाबला आहे, भिया. मुकाबल्याला बनियनवर येऊ का?"

मंगळवार सक्तीच्या विश्रांतीचा. एका मंगळवारी मी जास्तीचा उत्साह दाखवायला तलावावर गेलो, तर सर आधीच बाकावर बसलेले. म्हणाले, "मला माहीत होतं कोणीतरी येणार. घरी जा. आराम करता येत नाही त्याला खेळ येत नाही." मला परतवून ते स्वतःही उठले. माझ्यासारख्या कोणाला तरी पकडायलाच ते तिथे येऊन बसले होते.

त्यांची एक रीत सगळ्या देवासमध्ये चेष्टेचा विषय झाली होती. व्यायाम संपला की ते एकेकाला विचारायचे, "आज सामना कोणाशी?" उत्तर नेमकं द्यायला लागायचं. 'गोड कमी करीन' चालायचं नाही. 'संध्याकाळी साडेपाचला सून चहाबरोबर शेव आणेल' हे चालायचं. मग प्रश्न सुरू. शेव कोणत्या डब्यात असते? डबा कोण उघडतं? तुम्ही कुठे बसलेले असता? पहिली मूठ कोणत्या हाताने घेता?

आमच्या बॅचमध्ये शिर्केवहिनी होत्या, मुलींच्या शाळेच्या रिटायर मुख्याध्यापिका. त्या एकदा वैतागून म्हणाल्या, "सर, शेवेची कुंडलीच मांडताय की काय?"

"मॅडम, समोरचा पैलवान कोणत्या पायावर वजन देतो ते माझी पोरं महिनाभर बघायची," सर म्हणाले. "आणि माळव्यात शेवेएवढा पक्का पैलवान दुसरा नाही. पोह्यावर ती, दाळीत ती, फळांच्या चाटवर ती. आपण तिला काही न बघता अंगावर घेतो."

मग डोळे मिटून सराव. तलावाच्या काठी दहा-बारा म्हातारी माणसं डोळे मिटून उभी, आणि सर हळू आवाजात सांगताहेत: "पंगत बसलीय. वाढपी उजवीकडून येतोय. जिलबीचं ताट तुमच्या पानापर्यंत आलं. हात कुठेय? पानावर आडवा. काय म्हणाल? मोठ्याने म्हणा." आणि आम्ही सगळे एकसाथ म्हणायचो, "झालं माझं." रस्त्याने जाणारे थांबून बघायचे. मला लाज वाटायची, पण खरं सांगतो, पहिल्याच लग्नात तो हात आपोआप पानावर आडवा गेला.

हरलो तर हार दोन वाक्यांत सांगायची. मी एकदा म्हणालो, "काल दोन कचोऱ्या खाल्ल्या. चहाच्या वेळी खाल्ल्या. मेहुणे आले होते आणि..." सरांचं बोट वर गेलं. "तिसरं वाक्य वकिलाचं, भिया. दोनमध्ये खेळाडू संपतो." रागावले नाहीत. उलट हातात हात घेतला. हरलेल्याशी हात मिळवल्याशिवाय ते कोणाला घरी सोडत नसत.

आता मी या बॅचमध्ये का गेलो ते. आमच्या घराण्यात साठीची आणि पंचाहत्तरीची शांत झाल्यावर यजमानाची गुळाने तुला होते. पणजोबा मोठ्या पातीच्या, म्हणजे देवासच्या थोरल्या संस्थानाच्या दरबारात कामाला होते, तेव्हापासूनची ही चाल. एका पारड्यात माणूस, दुसऱ्यात गुळाच्या भेल्या, आणि सगळे नातेवाईक समोर. गूळ मग वाटून टाकतात. माझ्या साठीला गूळ कमी पडला. मुलगा मंडीत धावला. मुहूर्त लागलेला, म्हणून गुरुजी मला उतरू देईनात. पाऊण तास मी सोवळं नेसून त्या पारड्यात बसून होतो, पारडं जमिनीला टेकलेलं. धारचे माझे मेहुणे, बायकोचे धाकटे भाऊ, मोठ्याने म्हणाले, "दाजी, पंचाहत्तरीला गूळ नको, थेट गुऱ्हाळच इथे लावू." सगळे हसले. बायकोही हसली. ती आता नाही, पण तिचं ते हसू मला पंधरा वर्षं दिसत होतं.

चौऱ्याहत्तरी उलटली तेव्हा माझं वजन शहाण्णव किलो होतं. मेहुण्यांचा फोन आला, "दाजी, गुऱ्हाळवाल्याशी बोलू का?" आणि मी बोलून गेलो, "पंच्याऐंशीच्या वर एक भेली लागली तर मिशी उतरवीन." त्या दिवसापासून रात्री झोप लागेना. डोळा लागलाच तर पारडं टेकल्याचा आवाज यायचा.

सरांना मी हे सांगितलं. ते हसले नाहीत. डायरीत तारीख लिहून घेतली, बोटांवर आठवडे मोजले आणि म्हणाले, "नव्वदपर्यंत जाऊ. पंच्याऐंशी पुढच्या सीझनला."

"पुढचा सीझन नाही सर. तुला एकदाच असते."

"तुला एकदा असेल. शरीर रोज आहे."

पाच महिन्यांत मी साडेएकोणनव्वदवर आलो. उपास नाही, औषध चुकवणं नाही, हे त्यांचे पक्के नियम. तालाबाच्या दोन फेऱ्यांपासून सुरुवात केलेला मी आता देवीच्या टेकडीच्या निम्म्या पायऱ्या चढत होतो. उतरताना सर उलटे, पाठीमागे पावलं टाकत उतरायचे, गुडघ्यांसाठी. देवीला आलेल्या बाया त्यांना वाट द्यायच्या, त्यांना वाटायचं काही नवस आहे.

तुलेला दहा दिवस होते. मी सरांना म्हटलं, "पैलवान लोक चार दिवसांत चार-पाच किलो कमी करतात म्हणे." ते पायरीवर बसले. मग त्यांनी मला धारकडच्या मनावर गावातल्या एका पोराची गोष्ट सांगितली. त्यांचा सगळ्यात हुशार चेला. स्पर्धेच्या आदल्या दिवशी वजन दीड किलो जास्त भरलं. सर दुसऱ्या पोरांबरोबर होते. त्याने कोणाला न सांगता पाणी सोडलं, जाड कपडे घालून उन्हात पळाला, कोणाकडून तरी लघवीची गोळी घेतली. वजनात बसला, मॅटवर उतरला आणि पडला. जीव वाचला, मूत्रपिंडं कायमची दुखावली. आता मनावरला मोटारपंपाचं दुकान चालवतो. सर दर वर्षी त्याला भेटायला जायचे.

"याला वजन तोडणं म्हणतात," ते म्हणाले. "आपण वजन उतरवतो. तोडायचं नाही. मी तिथे नव्हतो, म्हणून मी आखाडा सोडला. हे मी बॅचमध्ये कोणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुमचे डोळे मला त्याच्यासारखे दिसायला लागलेत."

एवढं स्पष्ट सांगितलं होतं. त्यांनी मला दरीचा कठडा दाखवला आणि मी तिथून खाली उतरायची वाट हेरून ठेवली. त्यांनी धोका म्हणून सांगितलेली प्रत्येक गोष्ट मी कृती म्हणून लक्षात ठेवली. पायांच्या सुजेसाठी डॉक्टरांनी पूर्वी दिलेल्या लघवीच्या गोळ्यांची एक पट्टी कपाटात होती. शेवटचे चार दिवस मी पाणी जवळजवळ सोडलं, जेवण सोडलं, त्या गोळ्या घेतल्या, आणि दुपारी सून झोपली की दोन स्वेटरांवर रेनकोट घालून गच्चीवर फेऱ्या मारल्या. बुधवारी सरांना निरोप पाठवला, पाहुणे आलेत, उद्या वजनाला येत नाही. पहिला गुरुवार चुकवला तो असा.

रविवारी तुला झाली. पारड्यात बसताना माझी जीभ टाळ्याला चिकटलेली होती. चौऱ्याऐंशी किलोच्या भेल्या चढल्या आणि माझं पारडं वर उचललं गेलं. टाळ्या पडल्या. मेहुणे म्हणाले, "दाजी, मिशी वाचली." मागे निळ्या ब्लेझरमध्ये सर उभे होते. ते टाळ्या वाजवत नव्हते. माणसांतून वाट काढत पुढे आले, माझा हात हातात घेतला. हात मिळवायला नव्हे. हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती किती वेळाने खाली बसते ते पाहिलं.

"पाणी कधी प्यालात?"

"सकाळीच. भरपूर," मी म्हणालो.

"भिया, मला खरं सांगा."

"खरंच सांगतोय सर."

मी पारड्यातून उठलो, गुरुजींच्या पाया पडायला वाकलो, आणि पुढचं मला आठवत नाही.

इंदूरच्या एका हॉस्पिटलात दोन दिवसांनी नीट शुद्ध आली. मूत्रपिंडांना मार बसला होता, हृदयाचे ठोके चुकत होते. डॉक्टरांनी मुलाला सांगितलं होतं, की यांनी पाणी सोडलंय आणि कसली तरी गोळी घेतलीय. मुलगा माझ्या उशाशी बसला. त्याचे डोळे लाल होते. तसा तो शांत स्वभावाचा. त्याने विचारलं, "बाबा, हे त्या कोचने करायला सांगितलं ना? पाणी बंद करा, गोळी घ्या?"

खोलीत सून होती, मेहुणे होते. पंच्याहत्तर वर्षांच्या माणसाने गुळाच्या पारड्यासाठी स्वतःला असं वाळवून घेतलं, हे त्या सगळ्यांसमोर कबूल करायचं होतं. मला एकच दिसत होतं: साठीला हसले होते तसे सगळे पुन्हा हसतील, आता जन्मभर.

मी मान हलवली. हो म्हणून.

एवढंच केलं मी. तोंडाने एक शब्द बोललो नाही, आणि पुढे किती तरी दिवस याच गोष्टीचा आधार घेतला, की मी काही बोललो नव्हतो.

सर बाहेर कॉरिडॉरमध्येच होते. सोमवारपासून तिथेच होते म्हणे. मुलगा बाहेर गेला. त्याचा आवाज चढलेला मला ऐकू आला, शब्द कळले नाहीत. सरांचा आवाज आलाच नाही. नंतर सुनेने सांगितलं, की ते एवढंच म्हणाले, "माझ्या बॅचचे आहेत. जबाबदारी माझी." आणि डॉक्टरांकडे जाऊन विचारत होते, लघवी किती झाली, क्रिएटिनिन किती आलं.

बॅच महिन्याभरात मोडली. मुलाने तलावाकाठच्या बागेच्या समितीला पत्र दिलं. कोणीतरी मनावरच्या पोराची गोष्ट शोधून काढली आणि ती गावभर झाली. 'आधीही एकाला असंच केलं होतं त्याने.' सरांनी ती गोष्ट बॅचमध्ये फक्त मला सांगितली होती, आणि तिचा खरा अर्थ मलाच माहीत होता. मी घरात पातळ खिचडी खात, पांघरूण घेऊन बसून होतो. फोन वाजला की वाटायचं, आता सर सगळ्यांना सांगतील, गुरुवार चुकवल्याची नोंद दाखवतील, डायऱ्या उघडतील. त्यांनी काही सांगितलं नाही. ते सांगतील याची भीती मला इतकी होती, की ते सांगत नाहीत याचा अर्थ काय, हे मला कित्येक महिन्यांनी कळलं. उन्हाळ्यात ते देवास सोडून धारला भाचीकडे राहायला गेले.

शिर्केवहिनी तेवढ्या एकदा घरी आल्या. चहा घेतला नाही. शाळेत एखाद्या मुलीला विचारावं तसं विचारलं, "मी पाच महिने तिथे होते. पाणी प्या, पाणी प्या म्हणून ते आम्हाला वेड लावायचे. तुम्हाला एकट्याला वेगळं सांगितलं?"

"जाऊ द्या ना वहिनी. झालं ते झालं."

"ते 'झालं ते झालं' सरांनी म्हणायचं असतं," त्या म्हणाल्या आणि उठल्या. पुन्हा आल्या नाहीत.

शोकसभेनंतर मी मुलाला सगळं सांगितलं. तो आता साठीला आलाय. दोन्ही हात टेबलावर ठेवून म्हणाला, "बाबा, मी त्यांना कॉरिडॉरमध्ये काय बोललो माहीत आहे? सगळ्या लोकांसमोर म्हणालो, तुम्ही म्हाताऱ्यांवर प्रयोग करता. आधीच्या पोराचं तेव्हा माहीत नव्हतं, नाहीतर तेही बोललो असतो. ते खाली मान घालून उभे होते. मला वाटलं, चोर आहे म्हणून खाली बघतोय." मग म्हणाला, "एक फोन करायचा होता तुम्ही. मी गेलो असतो धारला. पाय धरले असते." त्या दिवसापासून तो माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतो. औषधं वेळेवर देतो.

फोन का, मी स्वतःच धारला गेलो होतो, हे त्याला अजून सांगितलेलं नाही. ते इथे सांगतो.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलगा-सून पुण्याला गेले होते. मी सकाळची बस धरली, इंदूरला बदलली, दहाच्या सुमाराला धारला उतरलो. वाटभर एकच वाक्य घोळवत होतो. बस घाटाबिल्लोदला थांबली तेव्हा शेजारच्या माणसाने विचारलं, "भिया, कुछ कहा आपने?" इतका मी पुटपुटत होतो.

सर तलावाकाठी सापडले. अर्थात सापडले. पाच-सहा बायका होत्या, शिवणकाम करणाऱ्या, दुकानात बसणाऱ्या. डोळे मिटून उभ्या होत्या आणि सर त्यांना लग्नातली पंगत दाखवत होते. मला पाहून थांबले. पुढे आले, हात मिळवला. हात पूर्वीसारखाच घट्ट होता, केस मात्र सगळे गेलेले. बायकांकडे वळून म्हणाले, "हे देवासचे माझे सीनियर खिलाडी. पाच महिन्यांत साडेसहा किलो. पूर्ण इमानदारीने."

शहाण्णव ते साडेएकोणनव्वद. पुढचे साडेपाच त्यांनी मोजलेच नव्हते.

"फिर?" एका बाईने विचारलं.

"फिर सीझन खत्म," सर म्हणाले.

भाचीच्या घरी त्यांनी मला जेवायला बसवलं. मूत्रपिंडांचं विचारलं, गुडघ्यांचं विचारलं. मनावरच्या चेल्याला मुलगी झाली म्हणून सांगितलं, फोटो दाखवला. भाची पानं उचलून आत गेली. आम्ही दोघंच राहिलो. मी म्हणालो, "सर, त्या दिवशी..."

ते थांबले. चष्मा काढून हातात धरला आणि माझ्याकडे बघत राहिले. घाई केली नाही. मला मदतही केली नाही. मला वाटतं, ते त्या वाक्याची फार दिवसांपासून वाट बघत होते, आणि ते माझ्या तोंडून आपणहून यायला हवं होतं.

"त्या दिवशी," मी म्हणालो, "गूळ सगळा अनाथाश्रमात वाटला. पोरं फार खूश झाली म्हणे."

त्यांनी चष्मा परत लावला. "छान झालं," म्हणाले.

मला सोडायला ते बसस्टँडपर्यंत आले. मी नको म्हटलं तरी आले. ऊन होतं, वाटेत त्यांनी माझ्यासाठी पाण्याची बाटली घेतली आणि मी ती निम्मी पिईपर्यंत उभे राहिले. मी खिडकीशी बसलो. ते खाली, एक हात खिडकीच्या गजावर. ड्रायव्हर चढला. मला माहीत होतं, की आता नाही तर कधीच नाही. वाक्य पूर्ण तयार होतं: मुलाने विचारलं तेव्हा मी मान हलवली, सर, तुम्ही मला तसं काही सांगितलं नव्हतं, मला माफ करा. एवढं लहान वाक्य होतं ते.

बस हलली. मी खिडकीबाहेर वाकून हाक मारली, "सर."

गाडीच्या आवाजात नीट ऐकू यावं म्हणून ते कान पुढे करून बसबरोबर चार-सहा पावलं चालले.

"तब्येतीला जपा," मी म्हणालो.